नौपाड्यातली ‘ओव्हल’ बीटल : पत्रा एक सांगतो, चेसिस दुसरंच

नौपाड्यातल्या एका दुमजली बंगल्याचा पुनर्विकास ठरला आणि अंगणातल्या शेडखाली उभी असलेली फोक्सवॅगन बीटल हलवणं भाग पडलं. बंगल्याच्या मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना मी पुढे काकूच म्हणणार आहे. गाडी त्यांच्या यजमानांनी १९७१ साली घेतलेली. ते आता हयात नाहीत. गाडीचं सगळं काकूंचा भाचा बघतो. त्याच्याकडे नेरुळच्या एका संग्राहकाची बोली आली होती. बोली भरघोस होती, पण ती सगळी एका वाक्यावर उभी होती: ही १९५६ ची ‘ओव्हल’ आहे आणि अख्ख्या ठाण्यात अशी दुसरी नाही.

आरसी बुकात मात्र निर्मितीचं वर्ष १९५९ होतं.

भाच्याचं म्हणणं असं, की तेव्हाच्या कारकुनाने चुकीचं वर्ष लिहिलं असणार. मागची काच लंबगोल आहे आणि १९५७ नंतर कारखान्यातून लंबगोल काचेची बीटल बाहेर पडलीच नाही, मग गाडी १९५९ ची असेलच कशी? संग्राहकाला हे पटलं होतं. फक्त पैसे मोजण्याआधी त्यांना गाडीचा इतिहास पुराव्यांसह लेखी हवा होता. जुन्या गाड्यांचे कागद आणि पत्रा तपासून असे अहवाल लिहून देणं हे माझं काम, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

भाच्याचा मुद्दा पोकळ नव्हता. बीटलचं वय ओळखायला मागच्या काचेइतकी सोपी खूण दुसरी नाही. मार्च १९५३ पर्यंत ती मधे पट्टी असलेली, दोन तुकड्यांची होती. तिथून जुलै १९५७ पर्यंत एकसंध आणि लंबगोल. हीच ती ‘ओव्हल’. ऑगस्ट १९५७ पासून मोठी चौकोनी काच आली, आधीच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे १९५९ ची ओव्हल ही कारखान्याच्या हिशेबात बसणारी वस्तूच नाही. कागद तरी खोटा असायला हवा, नाहीतर समोरची गाडी एका तुकड्याची नसायला हवी.

कागदाला खोटं ठरवायची मला घाई नसते. जुन्या बुकांत नोंदणीचं वर्षच निर्मितीचं वर्ष म्हणून चढवलेलं दिसतं, हे खरं. पण या बुकात पहिली नोंदणी मुंबईतली, १९६० ची आहे आणि निर्मिती १९५९. म्हणजे लिहिणाऱ्याने नोंदणीचंच साल खाली उतरवलं नव्हतं. त्याच्यापुढे काहीतरी कागद होता आणि त्यावरून त्याने वेगळं साल लिहिलं. तेवढ्यावरून साल बरोबर ठरत नाही, पण ते सहज झालेली चूकही वाटत नाही.

सीट उचलल्यावर

बीटलचा चेसिस नंबर, म्हणजे खालच्या सांगाड्याचा नंबर, मागच्या सीटखाली, फ्रेमच्या मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. सीट उचलली. खाली काथ्याचा भुगा, गंजाची पापडी आणि कधीकाळी सांडलेल्या बॅटरीच्या पाण्याने खाल्लेला पत्रा. नंबर तेलकट थराखाली होता. रॉकेलच्या फडक्याने पुसून आरटीओचे एजंट घेतात तशी पेन्सिलची प्रिंट घेतली: आकड्यांवर सेलोटेप लावायची, वरून पेन्सिल घासायची, टेप उचलून कागदावर चिकटवायची. फोटोपेक्षा यात जास्त कळतं. कुठला आकडा खोल ठोकलाय, कुठला तिरका, आजूबाजूला कानस फिरवलीय का, वेल्डिंग झालंय का, सगळं उमटतं. इथे आकडे एका ओळीत, एकाच खोलीचे होते आणि भोवतीच्या पत्र्याला कोणी हात लावलेला नव्हता. आरसीतला नंबर आणि हा नंबर अक्षर न् अक्षर जुळला.

आणि तो तेवीस लाखांतला होता.

जुलै १९६४ पर्यंत फोक्सवॅगनचे नंबर सरळ चढत्या क्रमाने जात. चौकोनी काच आली ती ऑगस्ट १९५७ मध्ये, १६,००,४४० या नंबरापासून. १९५९ चं मॉडेल म्हणजे ऑगस्ट १९५८ ते जुलै १९५९. त्याचे नंबर २०,०७,६१६ पासून २५,२८,६६७ पर्यंत. तेवीस लाखांतली चेसिस १९५६ ची असूच शकत नाही. कारकून बरोबर होता.

मग काच? ही शंका आली की पुढचं काम पत्र्याचं. चौकोनी काचेच्या गाडीचं मागचं पॅनल कापून तिथे ओव्हलचं पॅनल जोडायचे प्रकार होतात, कारण ओव्हलला भाव जास्त. म्हणून आधी काचेच्या कडेने आतून हात फिरवला, अस्तराचा कोपरा सोडवून पाहिलं. जोड नव्हता. पुढची काचही ओव्हलच्या काळातली, लहान. ऑगस्ट १९५७ मध्ये पुढची काचसुद्धा मोठी झाली होती. बीटलचं इंजिन मागे असतं; त्याच्या झाकणाला ‘डब्ल्यू’च्या आकाराची ती जुनी घडी होती. झाकण काय, बदलता येतं. पण झाकणाखालचा मागचा पत्रा मूळ स्पॉट वेल्डिंगचा होता आणि त्याला सायलेन्सरच्या दोन नळ्यांसाठी दोन खाचा होत्या. दोन नळ्या आल्या ऑगस्ट १९५५ मध्ये. म्हणजे बॉडी ऑगस्ट १९५५ ते जुलै १९५७ या दोन वर्षांतली, आणि नखशिखांत तीच. भाचाही बरोबर होता.

ज्याने मला खात्री पटवली ती जागा मात्र ड्रायव्हरच्या पायापाशी होती. डॅशबोर्ड बॉडीचा भाग असतो, पेडलं फ्रेमवर बसतात. डॅशबोर्ड जुना होता, चालकासमोर एकटा स्पीडोमीटर आणि मधे जाळी, १९५२ च्या ऑक्टोबरपासून १९५७ च्या जुलैपर्यंत चाललेला. त्या काळातल्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटरच्या जागी छोटा रूळ असतो, पायाखाली गोल फिरणारा. इथे सपाट पट्टीचं पेडल होतं, ऑगस्ट १९५७ नंतरचं. एका पेडलवर मी निकाल देत नाही, ते पाच मिनिटांत बदलता येतं. पण डॅशबोर्ड आणि चेसिस नंबर यांच्यामध्ये ते पेडल नेमकं चेसिसच्या बाजूने बोलत होतं. डिकीत (बीटलची डिकी पुढे असते), स्टेपनीच्या मागे असलेली निर्मात्याची पट्टी पाहिली. तिच्यावर चेसिसचाच नंबर, पण ती मूळ रिव्हेटने नव्हे, दोन साध्या पेचांनी बसवलेली. कोणीतरी ती एका पत्र्यावरून काढून दुसऱ्यावर लावली होती.

बीटलच्या बाबतीत हे करणं अवघड नाही. तिची बॉडी फ्रेमवर चौफेर बोल्टांनी आवळलेली असते, मधे पट्टीची गॅस्केट. बोल्ट सोडवले, स्टिअरिंग आणि वायरिंग मोकळं केलं, की चार माणसं डब्याचं झाकण काढावं तशी बॉडी उचलून बाजूला ठेवतात.

इंजिनाची गोष्ट त्यामानाने सरळ होती. १९५९ च्या गाडीला ३० हॉर्सपॉवरचं, ११९२ सीसीचं इंजिन हवं. त्यात डायनॅमो ज्यावर बसतो तो ठोकळा क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाच्या, ओतकामातच असतो. इथे ठोकळा वेगळा, बोल्टने बसवलेला, आणि नंबर ५ या आकड्याने सुरू होणारा. म्हणजे ऑगस्ट १९६० नंतरचं ३४ हॉर्सपॉवरचं इंजिन. पण आरसीत त्याची नोंद होती: जुना इंजिन नंबर लाल शाईने खोडून नवा लिहिलेला, शिक्का, सही, साल १९६९. गाडीत असा फेरफार केला तर तो नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. आजच्या मोटार वाहन कायद्यात ते कलम ५२. इंजिन बदलणाऱ्याने ते इमानाने केलं होतं. बॉडीची नोंद मात्र कुठेच नव्हती. गिअरबॉक्स दोन अर्ध्यांची, जुलै १९६० पूर्वीच्या धाटणीची, म्हणजे बहुधा मूळचीच.

बुकातली माणसं

आरसीचं ते कापडी पाठीचं बुक मला या गाडीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पहिल्या मालकाचं नाव युरोपीय, पत्ता पेडर रोडचा. १९६४ मध्ये गाडी गिरगावातल्या एका डॉक्टरांच्या नावे झाली. १९७१ मध्ये काकूंच्या यजमानांच्या नावे, पत्ता नौपाडा. आरटीओतून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे त्यांच्याकडच्या गाडीच्या नोंदीचा उतारा, काढला, तोही याच्याशी जुळला. घरात असं सांगत आलेत की गाडी आधी एका सिनेनटाची होती. बुकात नट नाही, एक्स्ट्रॅक्टमध्येही नाही. मधे जागाही नाही, कारण दोन नोंदींमध्ये एकही पान फाटलेलं किंवा कोरं सोडलेलं नाही. ती गोष्ट अहवालातून मी पूर्ण वगळली. भाच्याने ‘ऐकीव माहिती’ म्हणून तरी ठेवा असा आग्रह धरला, पण ऐकीव माहिती एकदा छापील कागदावर आली की पुढच्या विक्रीत ती पुरावा होऊन बसते. मला ते मंजूर नाही.

डाव्या स्टिअरिंगची ही गाडी मुंबईत आली कशी, हेही समजून घ्यायला हवं होतं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना इथे जागा नाही, सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायला हवेत. शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. रस्त्यावर उरल्या त्या कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, उत्तरपाड्याची हिंदुस्तान आणि मद्रासची स्टँडर्ड. परदेशी गाडी आत यायची ती वकिलातीतल्या लोकांबरोबर, नाहीतर कामावर आलेल्या परदेशी तंत्रज्ञांच्या सामानातून. राउरकेलाचा पोलाद कारखाना पश्चिम जर्मनीच्या मदतीने उभा राहत होता, मद्रासची आयआयटी १९५९ मध्ये जर्मन मदतीनेच सुरू झाली, मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात जर्मन भागीदारीचे कारखाने येत होते. पहिला मालक या लाटेतलाच असावा, हा माझा अंदाज. अहवालात तो अंदाज म्हणूनच लिहिला.

दुसरीकडे वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडे अर्ज केला. चेसिस नंबर आणि मालकीचा कागद पाठवला तर ते कारखान्याच्या नोंदींवरून गाडीचा जन्मदाखला देतात. तो आला: मार्च १९५९ मध्ये तयार, रंग करडा, रवानगी जर्मनीतल्याच विक्रेत्याकडे. म्हणजे गाडी निर्यातीची नव्हती, कोणीतरी तिथे घेतली आणि वर्षभराने बरोबर आणली. १९६० च्या नोंदणीशी हे चपखल बसतं. आणि रंगाने आणखी एक धागा हाती दिला. डॅशबोर्डच्या मागे, डिकीतला पुठ्ठा काढल्यावर, जिथे कुठलाही पेंटर स्प्रे मारायला जात नाही, तिथे आजच्या क्रीम रंगाखाली गडद हिरवा होता. करड्याचा मागमूसही नाही.

आता प्रश्न एवढाच उरला, की बॉडी बदलली कधी आणि का. विकण्यासाठी केलेली लबाडी असेल तर प्रकरण वेगळं आणि गरजेपोटी केलेलं काम असेल तर वेगळं. संग्राहक कागदावर ही दोन्ही ‘बॉडी चेंज’ म्हणूनच वाचतो, पण विकणाऱ्या घराला फरक पडतो. काकूंना फार पडत होता. त्यांच्या यजमानांच्या नावाचा प्रश्न होता.

अल्बममध्ये गाडीचे पुष्कळ फोटो होते, पण माणसं हसताना दिसावीत म्हणून काढलेले, तेव्हा गाडी बहुतेक समोरून किंवा बाजूने. मागून काढलेले दोन सापडले. दोन्ही तलावपाळीवरचे, दोन्हींवर तारीख नाही. एकात चौकोनी काच स्पष्ट दिसते, नंबर प्लेट वाचता येते आणि खाली ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ रंगवलेलं. दुसऱ्यात काच लंबगोल, नंबर तोच, आणि पाठीमागे गडकरी रंगायतन. रंगायतन उघडलं १९७८ साली. म्हणजे दुसरा फोटो त्यानंतरचा, आणि बॉडी १९७१ ते तो फोटो या मधल्या काळात, काकांच्याच मालकीत बदललेली.

हे फोटो टेबलावर ठेवल्यावर भाच्याने काकूंना विचारलं, “मावशी, गाडीला कधी मोठा अपघात झाला होता का?”

“अपघात कसला? झाड पडलं होतं,” काकू म्हणाल्या. “पंच्याहत्तरच्या पावसात. घंटाळीला गाडी लावून हे सभेला गेले होते, गुलमोहर आडवा झाला. टप पार बसला होता. मी म्हटलं, द्या भंगारात. तर म्हणाले, खालचा सांगाडा ठणठणीत आहे, इंजिनही आधीच बदललेलं आहे. दोन पावसाळे गाडी वर्कशॉपात पडून होती.”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“तू मला काच कसली आहे तेच विचारत होतास.”

स्टीलच्या कपाटात विम्याच्या पावत्यांच्या फायलीत बिल निघालं. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचं, नोव्हेंबर १९७६ चं. ‘बॉडी सेकंड हँड, कुर्ल्याहून, भाड्यासह’, त्याखाली फिटिंग, डेंटिंग, रंग. विदेशी गाडीचा नवा टप मिळणं तेव्हा अशक्यच होतं. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे डाव्या स्टिअरिंगची दुसरी बीटल तुटायला आलेली मिळाली हे काकांचं नशीब. ती नेमकी ओव्हल निघाली याचं तेव्हा कोणाला काही नव्हतं. उलट काकूंना आठवतं, की मागचं नीट दिसत नाही म्हणून काका कुरकुरत असत.

मग ही गाडी दुर्मीळ आहे का?

जगाच्या हिशेबाने बीटल दुर्मीळ नाही. एकूण २,१५,२९,४६४ बनल्या, शेवटची ३० जुलै २००३ ला मेक्सिकोत. ओव्हलच अकरा लाखांच्या वर निघाल्या. ‘ठाण्यातली एकमेव’ हे वाक्य सिद्ध करायचं तर जिल्ह्यातली प्रत्येक बंद शेड उघडून पाहावी लागेल, म्हणून ते मी लिहिलं नाही. ओव्हलला जो चढा भाव मिळतो तो ओव्हलची चेसिस, ओव्हलची बॉडी आणि जमल्यास ओव्हलचं इंजिन यांच्या जुळणीला मिळतो. इथे बॉडी १९५५ ते ५७ मधली, चेसिस १९५९ ची, इंजिन १९६० नंतरचं. तिन्ही तीन काळांतली.

पण माझ्या मते या गाडीत एक गोष्ट खरोखर कमी सापडणारी आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पहिल्या दिवसापासूनचं अखंड बुक, त्याला पुष्टी देणारा बी एक्स्ट्रॅक्ट, कारखान्याचा दाखला, आणि गाडीत झालेल्या दोन्ही मोठ्या बदलांचा कागद: एकाचा सरकारी, एकाचा वर्कशॉपचा. आपल्याकडे जुन्या विदेशी गाड्यांचे कागद पुरात जातात, वाळवी खाते, वारस आपसात वाटून घेतात, किंवा दुसऱ्याच गाडीचं बुक तिसऱ्याच चेसिसला चिकटवलं जातं. १९६० पासून आजपर्यंत कोणाच्या ताब्यात गाडी होती आणि तिचं काय काय झालं हे प्रत्येक टप्प्याला दाखवता येईल, अशा गाड्या माझ्यासमोर फार थोड्या आल्यात. हे मी अहवालात ठळक लिहिलं आणि किंमत ठरवताना त्याला वजन द्यावं अशी शिफारस केली.

व्हिंटेज नोंदणीचा मुद्दाही निकालात काढायचा होता, कारण भाच्याला ‘व्हीए’ अक्षरांची ती नवी प्लेट हवी होती. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. पण त्या बदल्यात गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आणि गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. वयाची अट ही गाडी सहज ओलांडते, मूळ स्वरूपाच्या अटीवर अडते. सगळं लपवून अर्ज करता येईल असं भाच्याला कोणा एजंटाने सांगितलं होतं. मी स्पष्ट सांगितलं की माझा अहवाल त्या अर्जाला जोडायचा असेल तर तो संपूर्णच जोडावा लागेल.

त्यावर तो चिडला. “काच तर लंबगोलच आहे ना? सीट उचलून कोण बघतं?” नेरुळचे गृहस्थ बघतील, आणि त्यांनी नाही पाहिलं तर त्यांच्याकडून घेणारा बघेल, एवढंच मी म्हणालो. निर्णय काकूंनी केला. अहवाल जसाच्या तसा संग्राहकाकडे गेला, बिलाच्या आणि दोन्ही फोटोंच्या प्रतींसकट.

त्यांनी बोली जवळजवळ निम्म्यावर आणली, पण माघार घेतली नाही. उलट कागदांची पूर्ण फाइल मूळ स्वरूपात गाडीबरोबर मिळावी ही अट घातली आणि फाइलचे वेगळे पैसे धरले. काकूंनी रंगायतनचा फोटो मात्र दिला नाही, त्यात त्यांची सासूबाई आहेत. त्याची मोठी प्रत काढून दिली. विक्रीच्या करारात गाडीचं वर्णन असं लिहिलंय: चेसिस मार्च १९५९, बॉडी ऑगस्ट १९५५ ते जुलै १९५७ मधील, १९७६ मध्ये बसवलेली, इंजिन १९६० नंतरचे, १९६९ मध्ये नोंदवलेले. बॉडीचा फेरफार आरटीओत रीतसर नोंदवायचं काम खरेदीदाराने आपल्याकडे घेतलंय.

आता त्यांना ती हिरवी बॉडी मूळ कुठल्या गाडीची, याचा ध्यास लागलाय. वागळे इस्टेटमधलं ते वर्कशॉप कधीच बंद झालं, पण मालकांचा मुलगा डोंबिवलीला असतो आणि वडिलांच्या वह्या त्याने टाकलेल्या नाहीत. त्याने दिवाळीनंतर माळा काढायचं कबूल केलंय.